पिवळं घड्याळ

तर मंडळी, या वीकांताला एका चुकीची कबुली द्यायची आहे. चूक माझीच आणि तांत्रिक आहे, त्यामुळे थोडं तांत्रिक पुराण ऐकून घ्यावं लागेल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी मधला भाग गाळला तरी चालेल, मी रागावणार नाही. :)

झालं असं. माझी ताई मिरजेला असते, एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिचा मुलगा, म्हणजे अस्मादिकांचा भाचा, यंदा सातवीत. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं ते त्याने टीव्हीसमोर मांडी ठोकून पाहिलं, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात अवकाश घुसलंय ते बाहेर यायलाच तयार नाही. मध्यंतरी कुणा मित्राकडे त्याने ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा खेळ पाहिला आणि मला फोन केला, "मामा, आपल्या लॅपटॉपवर चालेल का रे?"

"आपला लॅपटॉप" म्हणजे मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला घेतलेला डबा. आय-थ्री प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी वाढवून आठ जीबी केलेली रॅम. नोकरी लागल्यावर तो ताईकडे गेला. फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो, बिल्ड फुटलेली, मॅनेजर मागे उभा. एका कानाने ऐकलं, खेळाचं नाव टाकलं, जी यादी पहिली दिसली ती वाचली आणि निकाल देऊन मोकळा झालो. "नाही चालणार रे. नवीन लागेल, गेमिंगवाला."

दोन मिनिटं लागली असतील. विषय मी विसरूनही गेलो.

दिवाळीत मिरजेला गेलो. ताई चिवडा डब्यात भरत होती. भरता भरताच म्हणाली, "अरे, ते गेमिंगचे लॅपटॉप सत्तर हजारापर्यंत जातात म्हणाला दुकानदार. हप्त्यावर देतो. तू एकदा बघून सांग ना, कुठला घेऊ?" मी म्हटलं, "कुणाला?" तर म्हणे, "तूच म्हणालास ना, नवीन लागेल म्हणून." पुढे चौकशी केल्यावर कळलं की बाईसाहेबांनी दोन महिने जादा नाइट ड्यूट्या मागून घेतल्या आहेत.

आता आपण रोज कुणाला ना कुणाला सांगत असतो, हे होणार नाही, ते बदलावं लागेल, सर्व्हर वाढवा. समोर क्लायंट असतो, पैसे त्याचे. इथे समोर चिवड्याचा डबा होता.

भाच्याला बोलावलं. म्हटलं, नक्की कुठला खेळ तो दाखव. त्याने दाखवला आणि मी कपाळावर हात मारला. त्याला पहिला भाग हवा होता. मी यादी वाचली होती ती २०२३ साली आलेल्या दुसऱ्या भागाची, ज्याला किमान म्हणूनच चांगलं महागडं ग्राफिक्स कार्ड लागतं. "मी फोनवर सांगितलं होतं मामा, पहिला," तो म्हणाला. सांगितलं असणारच.

पहिला भाग मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड नावाच्या कंपनीत फेलिपे फालांघे याने सुरू केला. जून २०११ मध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर आला, १.० आवृत्ती एप्रिल २०१५ ची. म्हणजे आमच्या डब्याच्याच वयाचा खेळ! कर्बिन नावाच्या बुटक्या ग्रहावरचे हिरवे लोक रॉकेटं बांधतात आणि आपण ती उडवायची. ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर, पृथ्वीच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी, त्यामुळे कक्षेत जायला सेकंदाला साधारण सव्वादोन-अडीच किलोमीटर वेग पुरतो. पृथ्वीवर पावणेआठ लागतो. बाकी कक्षांचं गणित मात्र अस्सल आहे.

मग काय, खेळ घेतला, उतरवला. सुरू व्हायलाच इतका वेळ लागला की तेवढ्यात दोन करंज्या खाऊन झाल्या (हा खेळ सगळी सामग्री सुरुवातीलाच रॅममध्ये ओढतो). पहिलं रॉकेट उड्डाणतळावर ठेवलं आणि पडद्यावर स्लाइड शो सुरू झाला. भाचा माझ्या तोंडाकडे बघतोय. मी सेटिंग्ज उघडल्या.

पहिला हात ग्राफिक्सवर. रिझोल्यूशन १२८० बाय ७२०. टेक्स्चर ‘हाफ’, कारण वेगळं कार्ड नसलेला लॅपटॉप चित्रांसाठी जागा रॅममधूनच उसनी घेतो. अँटी-अलायझिंग बंद. टेरेन डिटेल कमी. जमिनीवर विखुरलेली झाडं-दगड गायब. सावल्या बंद. कर्बिन एकदम ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या चित्रासारखा दिसायला लागला, पण रॉकेट हललं. थोडंसंच.

थोडंसंच का, तर या खेळाचा खरा भार चित्रात नाहीच. यान म्हणजे सुटे भाग सांध्यांनी जोडलेले: टाकी, इंजिन, पंख, पाय, शिडी. प्रत्येक भागावर किती बल, कुठल्या सांध्यावर किती ताण, हे सेकंदाला ५० वेळा मोजलं जातं. हे काम प्रोसेसरचं, आणि एका यानाचं गणित चार कोअर्सना वाटून देऊन फारसा फायदा होत नाही. म्हणजे गेमिंग लॅपटॉपमध्ये ज्या कार्डासाठी आपण पैसे मोजतो, ते कार्ड शंभर-दीडशे भागांच्या रॉकेटपुढे बऱ्यापैकी हातावर हात ठेवून बसणार. दुकानदार हे सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं.

आता प्रोसेसर मागे पडला की दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर चित्र अडखळू द्यायचं, नाहीतर काळ हळू करायचा. आणि या खेळात ते ठरवायला चक्क एक स्लायडर आहे! जनरल टॅबमध्ये, ‘मॅक्स फिजिक्स डेल्टा-टाइम पर फ्रेम’ अशा भारदस्त नावाखाली. ०.०३ पासून ०.१२ पर्यंत. एक फ्रेम काढताना जास्तीत जास्त किती वेळाचं गणित उरकायचं, तो हा आकडा. गणिताची एक पायरी ०.०२ सेकंदाची. ०.१२ ठेवलं की एका फ्रेममागे सहा पायऱ्यांपर्यंत मुभा: घड्याळ खऱ्या वेळेबरोबर धावतं, पण चित्र सेकंदाला आठ-नऊ फ्रेम्सवर येऊ शकतं. ०.०३ ठेवलं की उलट: चित्र बऱ्यापैकी सरकतं, पण खेळातला एक सेकंद आपल्या दीड-दोन सेकंदांचा होतो. आणि खेळ हे लपवत नाही. वरच्या कोपऱ्यातलं मोहिमेचं घड्याळ हिरव्याचं पिवळं होतं. मला हे फार आवडलं. आमच्या ऑफिसातल्या एकाही डॅशबोर्डवर "मी मागे पडलोय" असं सरळ सांगणारं घड्याळ नाही.

०.०३ वर आणलं. रॉकेट मऊसूत वर गेलं, घड्याळ पिवळं. बूस्टर सुटून मागे पडले, भाग कमी झाले, घड्याळ हिरवं. भाच्याने एका दिवसात स्वतःचं संशोधनही केलं, "मामा, कॅमेरा आकाशाकडे केला ना, की घड्याळ हिरवं होतं." बरोबर आहे. समुद्र आणि जमीन काढायला लागली नाही की मशीनचा जीव भांड्यात पडतो. जनरलमध्येच अवकाशातला कचरा किती सांभाळायचा याचा आकडा असतो, तो अडीचशेवरून वीसवर आणला. त्याला ते आवडलं नाही. कचरा म्हणजे त्याच्या जुन्या रॉकेटांच्या टाक्या होत्या, आणि त्यातल्या काहींना नावं होती. शेवटी तीसवर तडजोड झाली.

मग आवाज. मी ऑडिओ टॅब उघडला तर सगळे स्लायडर शून्यावर. शिप, अ‍ॅम्बियन्स, म्युझिक, यूआय, सगळे. मी हात लावला नव्हता.

"हे कुणी केलं?"

"मी. अवकाशात आवाज नसतोच ना मामा."

शास्त्र म्हणून एकदम बरोबर. मी ‘पण यानाच्या आत असलेल्याला सांगाड्यातून इंजिनाची थरथर ऐकू येईल’ वगैरे व्याख्यान सुरू करणार, तेवढ्यात तो पडद्याकडे बघतच म्हणाला, "आणि आई झोपलीय." नाइट करून आलेली ताई आतल्या खोलीत झोपली होती. दोन खोल्यांचं घर, मध्ये पडदा.

व्याख्यान रद्द. तेव्हा लक्षात आलं की स्पीकर बंद असूनही लॅपटॉप गर्जत होताच. पंखा! मेनू आणि नकाशा असल्या हलक्या पडद्यांवर मशीन जमतील तितक्या फ्रेम्स फेकत बसतं, तापतं आणि पंखा बोंबलतो. फ्रेम लिमिट तीसच्या आसपास आणलं. पंखा कुजबुजीवर आला. मग माझा इअरफोन त्याला दिला, संगीत आणि अ‍ॅम्बियन्स शून्यच ठेवलं, शिप वीस टक्के. इंजिनाचा आवाज कानात पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. शिवाय उपयोग असा की इंधन संपून इंजिन बंद पडलं तर ते डोळ्यांआधी कानाला कळतं. तोवर तो इंधनाच्या पट्टीकडे एक डोळा ठेवून उडत होता.

मुन हा कर्बिनचा चंद्र. गुरुत्व १.६३, आपल्या चंद्राइतकंच. पहिल्या दिवशी दोनदा आपटलो. दुसऱ्या वेळी मीच चालवत होतो, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. कारण मजेशीर निघालं: सावल्या. वरचा उंचीमापक ठरीव शून्य पातळीपासून उंची दाखवतो (जमिनीपासूनची उंचीही दाखवता येते, ते बटण आम्हांला नंतर सापडलं), आणि राखाडी जमिनीवर अंतराचा अंदाज येत नाही. यानाची सावली खालून आपल्याकडे सरकत येते, तिच्यावरून कळतं की आता उरलं किती. आणि सावली मी ‘फालतू खर्च’ म्हणून सगळ्यात आधी कापली होती. कुठल्याही प्रोजेक्टमध्ये असंच होतं बहुतेक.

सावल्या परत चालू केल्या, अगदी खालच्या दर्जाच्या. घड्याळ परत पिवळं झालं. भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी तिसरा प्रयत्न. त्याच्या यानाला चौसष्ट भाग, त्यात चार दिवे आणि तीन शिड्या, कशाला ते विचारू नका. मी म्हटलं, शिड्या काढ, घड्याळ हिरवं होईल.

"नको. पिवळंच बरंय. विचार करायला वेळ मिळतो."

मी गप्पच बसलो. खरंच होतं ते. खेळातला एक सेकंद आमच्या जवळजवळ दोन सेकंदांचा झाला होता, आणि जमिनीवर आदळायला खेळातले वीस सेकंद उरलेले असताना त्याच्या हातात चाळीस होते. वेगवान मशीनवर हे मिळालं नसतं. तो सावलीकडे बघत इंजिन थोडं उघडायचा, थोडं मिटायचा. सेकंदाला चार मीटर, तीन, दोन. सावली आणि पाय एकमेकांना भिडले. यान जरासं कलंडलं, थांबलं, परत सरळ झालं. त्याने आवाज केला नाही. आतल्या पडद्याकडे बघून दोन्ही हात वर केले, बस्स.

ताईला संध्याकाळी सांगितलं. सगळं. चुकीची यादी वाचली, फोनवर नीट ऐकलं नाही, लॅपटॉप घ्यायची गरज नाही. ती चहा गाळत होती.

"म्हणजे आहे तोच चालेल?"

"चालतोय. सावकाश चालतोय."

"मग दोन महिन्यांपूर्वी बोलायचंस ना रे," ती म्हणाली आणि कप पुढे केला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पुढच्या महिन्यातल्या तिच्या दोन जादा नाइट होत्या, त्या तिने फोन करून परत दिल्या. झालेल्या झाल्या.

मी पुण्याला परत आलोय. भाच्याचे निरोप येत असतात. आता त्याला डुनाला जायचंय, म्हणजे त्यांच्या मंगळाला. त्यासाठी रॉकेट बांधलंय दोनशे दहा भागांचं. उड्डाणतळावर घड्याळ इतकं मागे पडतं की कक्षेत पोचेपर्यंत आई उठते, अशी तक्रार आहे. शनिवारी जाऊन बघतो. शिड्या कमी कराव्या लागणार, हे मात्र त्याला फोनवर सांगणार नाही. आधी रॉकेट बघेन.