हिशेबात न धरलेल्या पाटल्या

बँकेत पस्तीस वर्षे मी इतरांच्या घरांचे हिशेब तपासले. तारण पुरेसे आहे की नाही, कर्ज द्यावे की नाही, हे ठरवायला मला कधी फार वेळ लागला नाही. २०२० च्या अखेरीस मात्र स्वतःच्याच घराचा निर्णय घेण्याची वेळ आली आणि माझी लेखणी अडली. मुलगा पुण्यात स्थायिक झाला होता. आम्ही उभयतांनी सांगली सोडून तिकडे यावे, असा त्याचा आग्रह होता. जायचे ठरले. प्रश्न उरला तो १९९४ साली बांधलेल्या घराचा. ते विकावे की भाड्याने द्यावे?

सवयीप्रमाणे मी कागदाच्या दोन बाजू आखल्या. घराची किंमत साठ लाखांच्या आसपास येत होती. भाडे महिना बारा हजार, म्हणजे वर्षाला एक लाख चव्वेचाळीस हजार. त्यातून घरपट्टी, रंगरंगोटी, दुरुस्ती आणि वर्षाकाठी एखादा रिकामा महिना वजा जाता हाती सुमारे एक लाख दहा हजार उरत होते. किमतीच्या मानाने हे दोन टक्केसुद्धा नाहीत. तीच रक्कम मुदत ठेवीत ठेवली आणि व्याज पाचच टक्के धरले, तरी तीन लाख होतात. जागेचा भाव वाढतो हे खरे. पण २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आमच्या घरात गुडघाभर शिरले होते. अशा गल्लीतला भाव वाढून किती वाढणार? घर विकावे, असेच आकडे सांगत होते. न हलणाऱ्या मालात भांडवल अडकवू नये, हे आपल्या वाचकांना मी काय सांगावे? दुकानाच्या गादीवर बसणारा ते लहानपणीच शिकतो.

तो कागद मी सौभाग्यवतीपुढे ठेवला. तिने तो शांतपणे वाचला आणि विचारले, "अहो, यात माझ्या पाटल्या कुठे आहेत?"

मला क्षणभर उमगेना. मग आठवले. बांधकामाच्या वेळी स्लॅब घालायला पैसे कमी पडले होते आणि कर्जाचा पुढचा हप्ता मिळायला अवकाश होता. तेव्हा तिने माहेरच्या चार पाटल्या काढून दिल्या होत्या. जमिनीची किंमत, कर्ज, सिमेंट, गवंड्याची मजुरी, सगळ्या नोंदी माझ्या जुन्या वहीत होत्या. पाटल्यांची नोंद नव्हती. खरेदीखतावरही नाव माझ्या एकट्याचे. जन्मभर ताळेबंद जुळवणाऱ्या माणसाने आपल्या भागीदाराचे भांडवलच खात्यावर घेतले नव्हते.

"विकू नका, असे मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण पुण्यात मन रमले नाही, सुनेला आपली अडचण वाटली, तर परत यायला दार असावे. दोन वर्षे पाहू."

माझ्या आकडेमोडीत हेच धरायचे राहिले होते. विकलेले घर परत मिळत नाही. उत्पन्नातली ती तूट म्हणजे परतीची वाट मोकळी ठेवण्याचा विम्याचा हप्ता होता. मात्र तो कायम भरत राहणे परवडणारे नव्हते. म्हणून आम्ही मार्च २०२३ ही मुदत ठरवली आणि वहीत लिहून ठेवली.

घर एका शिक्षकाच्या कुटुंबाला लिव्ह अँड लायसन्स कराराने दिले. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसताना वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

जुलै २०२१ मध्ये कृष्णेला पुन्हा पूर आला. मध्यरात्री फोन वाजला. "काका, पाणी पायरीला लागलंय." सामान गच्चीवरच्या खोलीत हलवा, एवढेच मी पुण्यातून सांगू शकलो. माणसे सुखरूप राहिली. पण दुरून घरमालक होणे म्हणजे काय, ते त्या रात्री कळले.

मार्च २०२३ उजाडला. वही मी काढण्याआधीच सौभाग्यवती म्हणाली, "दोन वर्षांत आपण चार वेळा सांगलीला गेलो. चारही वेळा दुरुस्तीसाठी. राहायला एकदाही नाही. आता विकू या."

घर विकले. जुने घर विकून दोन वर्षांच्या आत दुसरे घेतले, तर नफ्यावरील करात सवलत मिळते. ती आम्ही घेतली. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या घराला त्या तारखेचे वाजवी बाजारमूल्य मूळ किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी मूल्यांकनाचा अहवाल व्यवहारापूर्वीच करून घ्यावा. कराचे नियम बदलत असतात, म्हणून आपल्या कर सल्लागाराला विचारूनच पाऊल टाकावे.

मुलाच्या घराजवळ आम्ही दोन खोल्यांची सदनिका घेतली. खरेदीखतावर या वेळी दोघांची नावे आहेत, पहिले तिचे. त्या दिवशी संध्याकाळी मी जुनी वही उघडली आणि घरखात्यावर तिच्या नावे चार पाटल्या जमा केल्या. नोंद एकोणतीस वर्षे उशिरा झाली. घर विकायचे की ठेवायचे, हा कागद आखायला बसाल तेव्हा आधी आपली वही एकदा पाहून घ्या.