एक जून आणि धर्माचा रकाना

आमच्या सिद्धेश्वरला साठीतल्या माणसांना जन्मतारीख विचारली की मला बऱ्याचदा १ जूनच ऐकू येते. गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली! वय असं दुसऱ्यानं लिहिलेलं. धर्माचंही तेच.

आजच्या महाराष्ट्राच्या भागात १९५१ ला बौद्ध जेमतेम अडीच हजार. १९५६ ला नागपूरची दीक्षा झाली, अन् १९६१ ला जवळपास २८ लाख! लोकांनी स्वतःहून सांगितलं म्हणून. आता मात्र काही घरांत बुद्धवंदना, कागदावर हिंदू. का, तर सवलत जाईल म्हणे. अहो, १९९० लाच कायदा बदलला, बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत.

२०११ नंतर मोजणीच नाही. तेव्हा पाळण्यात होती ती पोरं आता दहावीला आलीत. २०२७ च्या जनगणनेला प्रगणक दारात आला, की मोबाइलात काय भरतोय ते जरा वाकून बघा.