पाहुण्या आजीबाईंबरोबर आग्ऱ्यापर्यंत

धर्मगुरूने गाव सोडून बाहेर पडावे ते एक तर आजाऱ्याच्या हाकेला, नाही तर बिशपस्वामींच्या बोलावण्याला, अशी आमच्या धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांची समजूत आहे. त्यामुळे २०२४ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी, गव्हाणीचा देखावा अजून मांडलेला असताना, आम्ही वळकटी बांधून बेळगावच्या स्टेशनावर निघालो तेव्हा पुष्कळांच्या भुवया वर गेल्या. सहकारी धर्मगुरूंनी आठवडाभराच्या मिस्सा आपल्याकडे घेतल्या, म्हणूनच हा प्रवास घडला.

बेळगावात एका कारखान्यात हॉलंड देशचे एक इंजिनीअर सपत्नीक राहतात. तीन वर्षांपूर्वी आले. बाई रविवारी आमच्या देवळात येतात आणि मिस्सा संपली की मराठीचे चार शब्द शिकून घेतात. भाजीवालीला त्या 'मावशी' म्हणतात आणि घासाघीस आमच्यापेक्षा बरी करतात. यंदा नाताळासाठी बाईंच्या मातोश्री आल्या. वय वर्षे शहात्तर, पती निवर्तलेले, लेक एकुलती एक. नाताळच्या सुट्टीत त्यांना उत्तर हिंदुस्थान दाखवावा असे ठरले आणि आम्हीही बरोबर यावे, असा आग्रह झाला. हिंदी बोलणारे कोणी हवे, आजीबाईंना मिस्सा चुकवावयाची नाही, अशी कारणे सांगितली गेली. खरे कारण निराळे होते. कारखान्याने साहेबांची मुदत आणखी पाच वर्षे वाढविली होती आणि उभयतांनी ऑक्टोबरातच होकार दिला होता. आजीबाई मात्र, लेक वसंतात कायमची घरी येणार, या समजुतीने आल्या होत्या. ही गोष्ट त्यांना सांगण्याचे काम आमच्याकडे आले. "फादर, तुमच्या तोंडून ऐकले तर आई मानील." आम्ही हो म्हटले. आमच्या पत्करलेल्या कामांत यापेक्षा मूर्खपणाचे दुसरे आठवत नाही.

वास्कोहून दिल्लीस जाणारी गोवा एक्सप्रेस रात्री बेळगावास येते. आजीबाईंना खालची शय्या दिली, आम्ही मधल्या शय्येवर चढलो. पहाटे पुणे गेले, मनमाड गेले, दुपारच्या उन्हात भुसावळ मागे पडले. दर फलाटावर सांगण्याचा विचार केला आणि दर फलाटावर चहा घेतला. बऱ्हाणपूर आले तेव्हा आजीबाईंना सांगितले की, ताजमहालाची कथा येथून सुरू होते. शाहजहान दक्षिणेच्या मोहिमेवर येथे असता १६३१ साली मुमताज चौदाव्या बाळंतपणात येथेच वारली. प्रथम तिला तापीपलीकडच्या बागेत पुरले आणि काही महिन्यांनी शव आग्ऱ्यास नेले. "चौदावे!" एवढेच आजीबाई म्हणाल्या आणि बराच वेळ खिडकीबाहेर कपाशीच्या शेतांकडे पाहत राहिल्या.

आग्ऱ्यास उतरलो तेव्हा अजून उजाडले नव्हते आणि धुके असे की, हमालाच्या डोक्यावरची पेटी दिसे, हमाल दिसत नसे. ताजमहालाचे तिकीट परदेशी माणसास अकराशे रुपये, आम्हांस पन्नास. खुद्द कबरीपर्यंत जावयाचे तर दोघांनाही वर दोनशे. हा भेद समजावून सांगताना आम्हांस संकोच वाटला. आजीबाई म्हणाल्या, "तुमच्या आजोबांच्या करातून बांधले आहे, माझ्या नव्हे." आत गेलो तर समोर फक्त पांढरा पडदा. माणसे पाठमोरी उभी राहून धुक्याची छायाचित्रे काढीत होती. अकराच्या सुमारास घुमटाचा एक गाल दिसला, मग दुसरा. त्या सौंदर्याविषयी इतके लिहिले गेले आहे की, आम्ही भर घालीत नाही. संगमरवरावर बसविलेली दगडी फुले इतकी बारीक आहेत की आजीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिली, एवढे सांगतो.

आम्हांस आग्ऱ्यात दुसरेच काही दाखवावयाचे होते. अकबर बादशहाने गोव्याहून येशूसंघीय धर्मगुरू बोलाविले, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. पहिले १५८० साली फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. १५९५ साली आलेल्या तिसऱ्या तुकडीचे प्रमुख होते जेरोम झेवियर, आपल्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे नात्याने नातू. बादशहाच्या परवानगीने त्या काळी येथे उभे राहिलेले देऊळ आजही 'अकबरी चर्च' म्हणून ओळखले जाते. १६३५ मध्ये शाहजहानच्या हुकुमाने ते पाडले गेले आणि लवकरच पुन्हा बांधले. आज पाहावयास ते साधे, लहानसे आहे. आमच्या खेड्यातील देऊळ त्याहून मोठे.

तेथून आम्ही जुन्या कॅथोलिक दफनभूमीत गेलो. उत्तरेतील युरोपियन कबरींत याहून जुन्या क्वचितच असतील. १६१४ साली वारलेला जॉन मिल्डेनहॉल हा इंग्रज व्यापारी येथे आहे, आर्मेनियन सौदागर आहेत, व्हेनिसचा एक सोनारही आहे. या सर्वांच्या मध्ये तांबड्या दगडाचा एक लहानसा ताजमहाल उभा आहे. घुमट तसाच, कमानी तशाच, सुटे मनोरे तेवढे नाहीत. धुके उतरून ऊन पडले होते आणि दगड विटेसारखा तापलेला दिसत होता.

ही कबर कर्नल जॉन विल्यम हेसिंग यांची. हा डच मनुष्य १७५२ साली, तेरा वर्षांचाही नसेल, डच कंपनीच्या सैन्यात सिलोनला आला. एकदा मायदेशी परत गेला आणि पुन्हा इकडे आला. १७८४ पासून तो महादजी शिंद्यांच्या चाकरीत होता. महादजी १७९४ साली पुण्याजवळ वानवडीस वारले, तेव्हा दौलतरावांची चाकरी धरली. अखेरीस आग्ऱ्याचा किल्ला त्याच्या ताब्यात होता आणि तेथेच दीर्घ आजाराने २१ जुलै १८०३ रोजी त्याने डोळे मिटले. पुढच्या तीन महिन्यांत इंग्रजांनी किल्ला घेतला. बेगमेसाठी बादशहाने ताजमहाल बांधला. हा मात्र बायकोने नवऱ्यासाठी बांधला. हे सर्व आम्ही मोठ्या हौसेने सांगत होतो, म्हणून आजीबाईंकडे लक्ष नव्हते. त्या शिलालेखावर बोट ठेवून उभ्या होत्या.

"उट्रेख्त," त्या म्हणाल्या. हेसिंगचे जन्मगाव. आजीबाईंचेही तेच.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "हा एकदा घरी जाऊन पुन्हा आला म्हणता. तेव्हा याच्या आईला कोणी सांगितले असेल?"

दगडावर त्याचे उत्तर नव्हते आणि आमच्याजवळही नव्हते. लेक आणि जावई पलीकडच्या कबरीवरची अक्षरे वाचण्यात एकाएकी फार गुंतले होते.

"फादर, तुम्ही मला काही सांगणार आहात. बेळगावच्या फलाटावर चढलात तेव्हापासून तुमच्या तोंडावर दिसते आहे. किती वर्षे?"

"पाच," आम्ही म्हटले. चार दिवस जुळविलेली सारी प्रस्तावना त्या एका शब्दात संपली.

आजीबाई रडल्या नाहीत. हातमोजे काढले, घडी करून पिशवीत ठेवले आणि फाटकाकडे चालू लागल्या. त्या संध्याकाळी त्या लेकीशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही चौघे कॅथेड्रलमध्ये एका बाकावर बसलो आणि शांतीचा प्रणाम करावयाच्या वेळी आजीबाईंनी आधी जावयाकडे हात केला, मग आमच्याकडे. लेकीचा हात त्यांनी हातात घेतला तो शेवटी, पण सोडला उशिरा.

ग्वाल्हेरचा किल्ला थोडक्यात सांगतो. मानमंदिराच्या निळ्या कौलफरशा आजीबाईंना आपल्या डेल्फ्ट गावच्या चिनी मातीच्या भांड्यांसारख्या वाटल्या. जयविलास राजवाड्यातील साडेतीन टन वजनाची दोन झुंबरे पाहून, ती पुसतो कोण, असे त्यांनी विचारले आणि पहारेकऱ्याला हसू आले. आमच्या लक्षात राहिले ते लष्करमधले जेवण. दौलतरावांनी १८१० च्या सुमारास येथे छावणी केली, ती उठलीच नाही. तिचेच हे शहर झाले आणि नावही लष्करच राहिले. बेळगावच्या एका स्नेह्यांचे नातलग तेथे राहतात. त्यांचे पूर्वज पुण्याकडून शिंद्यांबरोबर आले. दोनशे वर्षे लोटली तरी घरात मराठी आहे, अधूनमधून हिंदीचे वळण लागलेली. पाटावर पुरणपोळी आणि कटाची आमटी आली. आजीबाईंसाठी घरच्या काकूंनी खुर्ची मांडून दिली आणि स्वतः शेजारी बसल्या.

काकू म्हणाल्या, "फारच लांब दिली हो लेक तुम्ही!"

आम्ही इंग्रजीत सांगितले. आजीबाई म्हणाल्या, "मी दिली नाही. ती गेली."

हे मराठीत आणल्यावर काकू हसल्या. "एकूण एकच. आमचा नातूही तिकडे कॅनडात आहे, त्याला तरी कोणी दिले होते? पण मुलीला माहेर असले की झाले."

येथे आमची विद्या संपली. 'आईचे घर' म्हटले तर ते नुसते घर झाले. जेथे लेक पाहुणी असते आणि नसतेही, जेथे तिला कोणी काम सांगत नाही, जेथे ती पुन्हा लहान होते, असे चार-पाच वाक्यांत सांगितले आणि तरी काही उरलेच. आजीबाईंनी विचारले, "एकाच शब्दात एवढे?" निघताना काकूंच्या सुनेने आमच्या बाईंची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. बाईंनी पदर नसल्यामुळे ओढणी पसरली. असे का करतात, हे आम्ही सांगू लागलो, तोच आजीबाईंनी हाताने थांबविले. त्यांना समजले होते.

परतताना मडगावपर्यंत दोन रात्री गाडीत गेल्या. दूधसागर अंधारात केव्हा गेला ते कळलेही नाही. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन चालू होते. ते दहा वर्षांनी एकदा होते आणि ५ जानेवारीस संपणार होते. से कॅथेड्रलपुढच्या रांगेत आम्ही बराच वेळ उभे होतो. संत १५४१ च्या एप्रिलात लिस्बनहून निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले, हे आम्ही सांगितले. त्या परत गेले की नाही हे विचारतील, अशी आम्हांस धास्ती होती. त्यांनी विचारले नाही. रांगेतल्या एका खेडवळ बाईच्या कडेवरचे मूल घेऊन त्या उभ्या राहिल्या, ते उतरावयास तयार होईना.

विमानतळावर त्यांनी आपली वही पुढे केली आणि म्हणाल्या, "तो शब्द तुमच्या अक्षरांत लिहून द्या." आम्ही लिहून दिला.

उपवासकाळात त्यांचे पत्र आले. घर विकून लहान जागेत जाण्याचा त्यांचा बेत होता. तो तूर्त लांबणीवर टाकला आहे. खालच्या दोन खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिल्या. वरची एक कोणाला दिली नाही आणि तिच्या दारावर कागदाची चिठ्ठी लावली आहे. अक्षर बरोबर आहे का ते पाहावे, म्हणून चिठ्ठीची नक्कल पत्रात होती. म ला काना द्यावयाचा राहिला होता. तसे आम्ही उलट टपालाने कळविले.