धूर, जेल आणि 1014

संध्याकाळी सेक्टरात धुराचं यंत्र आलं की खिडक्या धडाधड बंद होतात. तो पांढरा लोट मुख्यतः डिझेलचा. कीटकनाशक त्यात थोडंच; मॅलॅथिऑन, नाहीतर एखादं पायरेथ्रॉइड. उडत्या डासाला थेंब लागला तर लागला, पलंगाखाली बसलेला सुखरूप.

पायरेथ्रॉइड आणि डीडीटी, दोघांचा घाव एकाच जागी: मज्जातंतूवरच्या सोडियमच्या वाहिनीवर. संदेश पुढे गेला की ही वाहिनी मिटायला हवी. रसायन तिथे पाचर मारतं. मग संदेश थांबतच नाहीत. डासाचे पाय थरथरतात आणि तो उताणा पडतो.

या वाहिनीच्या प्रथिनात सुमारे 2000 अमिनो आम्लं. 1014 व्या जागी ल्यूसिनऐवजी फिनाइलअ‍ॅलानिन आलं की पाचर नीट बसत नाही. शहरी हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्सायमध्ये हा बदल भारतात सापडला आहे. पनवेलपलीकडे रसायनीला हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यात डीडीटी तयार होत असे. त्या डीडीटीतून तगवणारा बदल पायरेथ्रॉइडवाल्या कॉइलच्या धुरातही कामी येतो.

‘डासांना आता सवय झालीय’ हे सोसायटीच्या मीटिंगमधलं ठरलेलं वाक्य. सवय कसली? मेले ते मेले. एखादा आधीपासूनच वेगळा होता. फवारणीनं त्याच्यासाठी मैदान मोकळं केलं.

मॅलॅथिऑनची तऱ्हा निराळी. ते मज्जातंतूंच्या सांध्यावरचं अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज बंद पाडतं. हे विकर माणसातही आहे. यवतमाळात 2017 साली फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले, त्या रसायनांत मॅलॅथिऑनच्याच कुळातली काही होती. प्रतिकारक डास मात्र पुष्कळदा घाव बसण्याआधीच मॅलॅथिऑन फोडून निकामी करतो.

स्टिफेन्सायला स्वच्छ पाणी लागतं. गच्चीवरची उघडी टाकी, बांधकामावर साठवलेलं पाणी. नवी मुंबईतल्या उलव्यात त्याची चंगळच.

सगळ्यांवर कडी झुरळाची. ओट्याखाली, बिजागरीपाशी लावतात ते जेल गोड असतं. अमेरिकेत काही जर्मन झुरळं ग्लुकोजला तोंडच लावेनात. 2013 साली उलगडा झाला: ग्लुकोज त्यांच्या कडू चवीच्या चेतापेशी चेतवतं. विष पचवायची गरजच उरली नाही!

औषध आलटून-पालटून वापरा म्हणतात, ते घाव घालायची जागा बदलण्यासाठी; डबीवरचं नाव बदलण्यासाठी नव्हे. पेस्ट कंट्रोलवाल्याला विचारलं, यंदा कुठलं? ‘एकदम नवीन आहे, साहेब.’ डबी हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली. फिप्रोनिल. गेल्या वर्षीचंच.