जहाजाचं नाणं आणि चौलचा किनारा

अलिबागहून निघून आक्षी-नागाव मागे टाकलं की रस्ता वाड्यांमध्ये शिरतो. दोन्ही हातांना नारळी-पोफळी, मधूनच चिऱ्यांचे गडगे. चौल आलं हे कुणीतरी सांगावं लागतं. बंदर म्हणावं असं इथे काही दिसत नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत हे ‘सेमुल्ला’ आहे, कान्हेरीच्या शिलालेखात ‘चेमुल’. डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकालीन वस्ती उघडी पडली आणि अँफोरांचे तुकडे मिळाले. अँफोरा म्हणजे भूमध्य समुद्राकडून दारू-तेल घेऊन येणारे दोन कानांचे उंच रांजण.

माझ्या डोक्यात मात्र सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं शिशाचं नाणं होतं. दुसऱ्या शतकातलं, दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचं. आपल्या सागरी परंपरेवर भाषण झालं की हे नाणं निघतंच, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, ते चौल-कल्याणच्या पेठेत खुळखुळत असणार. (शिसं खुळखुळत नाही, ते सोडा.) प्रत्यक्षात ही नाणी सापडतात ती मुख्यतः आंध्र-तमिळ किनाऱ्यावर. १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना पश्चिम किनाऱ्यावरच्या सोपाऱ्याच्या स्तूपात याच राजाचं चांदीचं नाणं मिळालं. त्यावर जहाज नाही, राजाचा चेहरा आहे. पश्चिमेच्या बाजारात क्षत्रप राजांची चेहऱ्याची चांदी रुळलेली होती. व्यापारी डोळे मिटून घेईल असंच नाणं इकडे पाडलं असावं. राजा एक, पण किनारा बदलला की नाणं बदललं. मला यात दर्यावर्दी अभिमानापेक्षा बाजाराची जाण जास्त दिसते.

रेवदंड्याचा पूल ओलांडला, कोर्लईचा किल्ला उजवीकडे राहिला. जंजिऱ्यापाशी सगळे थांबतात. मी पुढे राजपुरी खाडीच्या आतल्या टोकाला, मांदाडजवळच्या कुड्याच्या बौद्ध लेण्यांकडे गेलो. ‘पेरिप्लस’मधलं ‘मंदगोरा’ बंदर म्हणजे हेच मांदाड, असं बरेच अभ्यासक मानतात. डोंगरात सव्वीस लेणी, खाली खाडी. इथले महाभोज हे स्थानिक सत्ताधीश. त्यांच्या घराण्याची दानं आहेतच, पण भिंतींवरच्या ब्राह्मी लेखांत लोखंडाचा व्यापारी आहे, माळी आहे, वैद्याचं घराणं आहे आणि सार्थवाह, म्हणजे व्यापारी तांड्याचा नायकही आहे. बंदराला उतरलेला माल घाटावर चढवणारे तांडेच नसते, तर जहाजं इथे कशाला लागली असती?

कोकणच्या सागरी वारशाच्या फलकांवर ते पूर्व किनाऱ्याचं नाणं खुशाल छापावं. शेजारी कुड्याच्या या दात्यांनाही जागा द्यावी. हा किनारा त्यांनी चालवला.