आईच्या घराचे पैसे

डोंबिवलीतला आईचा फ्लॅट 2024च्या दिवाळीआधी 56 लाखांना गेला. इमारतीला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून 81 वर्षांच्या आईला जिना बंदच झाला होता. आता ती बदलापूरजवळच्या एका वृद्धसेवा केंद्रात असते. औषधं, डायपर धरून महिन्याला चाळीस हजार लागतात. बाबांमागे मिळणारी फॅमिली पेन्शन चौदा हजार. उरलेले सव्वीस हजार घराच्या पैशांतून उभे करायचे, तेही ती आहे तोवर.

पैसे खात्यात जमा होताच बँकेतून फोन सुरू झाले. एक तरुण फाइल घेऊन घरीच आला. ‘काकूंसाठी खास’ म्हणत त्याने जी योजना पुढे केली, ती विमा पॉलिसी निघाली: विमा माझ्या नावावर, हप्ते आईच्या पैशांतून, उत्पन्न दहा वर्षांनी. दादाने त्याला दारातूनच वाटेला लावलं. आजही ते आठवलं की माझा संताप होतो. म्हाताऱ्या माणसाच्या खात्यात मोठी रक्कम दिसली की तिला असे पाय फुटतात.

कराचं गणित सीएने मांडलं. फ्लॅट 1986चा, त्यामुळे 1 एप्रिल 2001ची किंमत धरता येते. मूल्यांकनकाराने ती नऊ लाख काढली. जुलै 2024 नंतरच्या नियमाने दोन हिशेब होतात: महागाई निर्देशांक न लावता 47 लाख नफ्यावर साडेबारा टक्के, किंवा निर्देशांक लावून सव्वातेवीस लाखांवर वीस टक्के. दुसरा हिशेब स्वस्त पडला. उपकरासह पावणेपाच-पाच लाख. कर वाचवायचा तर आरईसी, पीएफसीचे बाँड होते. पण त्यात पैसे पाच वर्षं अडकतात आणि व्याज सव्वापाच टक्के. आम्ही कर भरून टाकला. आईला पैसे आज लागणार आहेत, हा मुद्दा मला कराहून मोठा वाटतो.

उरलेल्या 51 लाखांतले तीस लाख पोस्टात, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. 2023पासून तिथली मर्यादा तीस लाख आहे. 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 रुपये येतात. मासिक उत्पन्न योजनेत नऊ लाख. तिथून महिन्याला 5,550. बेरीज केली तर महिन्याला 26,050.

खातं उघडताना अडलं ते सहीवर. आईचा हात थरथरतो. ‘सुमती’मधला ‘म’ दर वेळी वेगळा येत होता. काउंटरवरच्या बाईंनी घाई केली नाही. ‘आजी, बसून घ्या, मग करा,’ म्हणत त्यांनी खुर्ची आत ओढून दिली. शेवटी साक्षीदारांसमोर अंगठा घेतला. ज्येष्ठ नागरिक योजनेचं संयुक्त खातं फक्त पती किंवा पत्नीसोबत निघतं, मुलांसोबत नाही. म्हणून नॉमिनेशन तेव्हाच भरलं. कुलमुखत्यारपत्रही केलं, पण वकिलांनी स्पष्ट सांगितलं: देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की ते संपतं. आईचं डोकं अजून लख्ख आहे. ज्या घरांत विसरभोळेपणा सुरू झालाय, त्यांनी हे आधीच उरकावं.

दादाला उरलेले बारा लाख म्युच्युअल फंडात हवे होते. मी अडून बसले. बाजार पडलेला असताना केंद्राची फी भरायला युनिट विकायची वेळ आली तर? बँकेतही धोका असतोच: 2019 साली पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला हजारच रुपये काढता येत होते. तेव्हापासून मला एका बँकेत सगळं ठेवायचा धीर होत नाही. ठेव विमा एका बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंतच आहे. म्हणून तीन बँकांत चार-चार लाख ठेवले, वेगवेगळ्या मुदतींनी.

केंद्राने यंदा फी दोन हजारांनी वाढवली. पोस्टाचं व्याज मात्र पाच वर्षं तेवढंच राहणार. ही वाढ सध्या बँकांतल्या ठेवींतून जाते, आणि दादाशी पुढची बैठक त्यावरच आहे.