बोटीवर आकडा कोणी लिहायचा?

कृष्णाकाठी महापुराची चर्चा फुटांत चालते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट म्हणजे इशारा पातळी, 45 फूट म्हणजे धोका पातळी. हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पाणी 45 फुटांवर गेले म्हणजे ते आधी कोणाच्या दारात जाते? गावाची उंच जागा कोणाच्या वाट्याला आली आणि नदीकडची सखल जागा कोणाच्या, हे पावसाने ठरवलेले नाही. पूर नैसर्गिक असेल. पण पुरातून शेवटी कोण बाहेर निघते, हे नैसर्गिक नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या वस्तीत छातीइतके पाणी होते. पहिली बोट आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर म्हाताऱ्याकोताऱ्यांसह सगळे समाजमंदिराच्या स्लॅबवर बसून होते. गावात बोट होती, ती आमच्याकडे वळली नव्हती. 2021 ला पुन्हा पाणी आले. त्यानंतर वस्तीतल्या आम्ही सात जणांनी वर्गणी काढून एक 16 फुटी जुनी फायबरची होडी घेतली. धरणाच्या जलाशयात तिने बरीच वर्षे जाळी आणि मासे वाहिले होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ती आमच्या घरामागच्या परड्यात आली. अख्खा उन्हाळा आम्ही तिच्यावर खपलो. त्या काळात जे आक्षेप ऐकले, त्यांची उत्तरे इथे देत आहोत.

पहिला आक्षेप: हे तुम्हाला जमणार का? आमच्यातला एक पोरगा फायबरचे दरवाजे आणि पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात रोजंदारीवर जातो. आम्ही समाजशास्त्रात एमए करताना श्रमविभागणीवर पानेच्या पाने लिहिली. रोलर कसा धरायचा हे मात्र या दहावी नापास पोराने शिकवले. त्याने होडी पालथी घातली आणि लहान हातोडीने इंचाइंचावर वाजवत नेली. टणटण वाजले तिथे खडूची बरोबर, बद्द वाजले तिथे फुली. बद्द आवाज म्हणजे आतले थर सुटलेले. तळाला एक लांब तडा होता. मागच्या फळीतले प्लायवुड स्क्रूच्या भोकांतून पाणी पिऊन कुजले होते. पेचकस लोण्यात जावा तसा आत गेला. आसनाखालचे थर्माकोल भुगा होऊन पडले होते.

तडा नुसता लांबी भरून बुजवला तर पहिल्याच दणक्याला उघडतो. म्हणून कडा उतरत्या घासाव्या लागतात. जाडीच्या साधारण बारापट, म्हणजे 6 मिलिमीटरच्या तळाला प्रत्येक बाजूने 7 सेंटिमीटर. मग 450 ग्रॅमच्या मॅटचे थर, प्रत्येक थर रेझिनने भिजवून, रोलरने हवा काढत. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट पूर्ण मिसळायचे, मगच हार्डनर. ही दोन एकत्र आली तर स्फोट होऊ शकतो, म्हणून बाटल्या परड्याच्या दोन टोकांना. उन्हात डबा हातातच घट्ट होतो, म्हणून काम पहाटे. रेझिन पेटते, म्हणून त्या दिवसांत आईने परड्यातली चूल बंद ठेवली. काचेची धूळ अंगाला खाजते आणि छातीत बसते. मास्क आणि पूर्ण बाह्यांशिवाय घासायला कोणी बसायचे नाही, हा नियम. मागच्या फळीत नवे मरीन प्लायवुड घालून ते सगळ्या बाजूंनी मॅटमध्ये बंद केले. थर्माकोल पॉलिस्टर रेझिनने विरघळते. म्हणून तरंगण्यासाठी आसनाखाली पीयू फोम भरला. काच पाण्यापेक्षा जड. आत पाणी भरले तर फोम नसलेली होडी बुडते.

सांगायचे ते असे की हे ज्ञान वस्तीत आधीपासून होते. ते दुसऱ्याच्या कारखान्यात रोज विकले जात होते, इतकेच.

दुसरा आक्षेप आमच्याच कार्यकर्त्यांचा: सरकारचे काम तुम्ही केले तर सरकारची जबाबदारी सुटेल. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 61 नुसार मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येत नाही. हा हक्क आम्ही सोडलेला नाही. पण कलम 61 चा अर्ज टाइप करायला कोरडी जागा लागते. पहिल्या रात्री माणूस जगला तरच तो दुसऱ्या दिवशी भांडू शकतो. होडी हा हक्काला पर्याय नाही, हक्क मागायला माणूस शिल्लक राहावा यासाठी ती आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि तो आमच्यातच निघाला. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती. बायाबापड्या आणि लेकरे बुडाली. म्हणून मे महिन्यात संथ पाण्यात आम्ही 50 किलोची वाळूची 12 पोती होडीत ठेवली, मग ती एका बाजूला सरकवून काठ किती झुकतो ते पाहिले. 600 किलो म्हणजे 75 किलोची आठ माणसे. होडीने ती पेलली. तरीही वाहत्या पुरासाठी आम्ही आकडा ठरवला सहा, वल्हेकरी दोघे धरून.

बैठकीत आवाज चढले. सातवा माणूस आपली आई असेल तर? एका आजीने तर विचारले, शेळीला कुठे सोडू? उत्तर सोपे नव्हते. पण जो नियम आपल्या आईसाठी मोडतो, तो उद्या पाटलाच्या पाहुण्यासाठीही मोडतो. म्हणून क्रम लिहून भिंतीवर लावला: लेकरे आणि त्यांच्या आया, गरोदर बाया, अपंग, आजारी, म्हातारे, मग इतर. वरच्या आळीतले कोणी अडकले तर त्यांनाही हाच क्रम. शेळ्यांना पाणी चढण्याआधीच, इशारा पातळीला, माळावर न्यायचे.

सहाचा आकडा होडीच्या दोन्ही अंगांना वीतभर उंचीचा रंगवला आहे. आता ग्रामसभेत आमची मागणी एवढीच आहे: गावाच्या बोटीवरही आकडा लिहा, तिची वजन-चाचणी दर मे महिन्यात लोकांसमोर घ्या, आणि पहिली फेरी कोणत्या वस्तीकडे जाणार हे पाऊस पडण्याआधी कागदावर आणा.